हातभार

परवा फोनवर एका जवळच्या नातेवाइकाशी चांगलंच वाजलं. निमित्त गावच्या जमिनीच्या वाटणीचं. काकीनं तिच्या वाट्याचं हक्कसोडपत्र लिहून द्यावं, असं घरातल्या पुरुषमंडळींचं ठरलंय म्हणे. मी विचारलं, का बुवा? तर उत्तर आलं, "अरे, तिला मूलबाळ नाही, ती काय करणार जमिनीचं? आणि घर चाललं ते काकांच्या गिरणीच्या पगारावर. काकीचा हातभार होता, नाही कुठे म्हणतोय आपण!"

हातभार! या एका शब्दानं डोकं उठलं ते अजून शांत झालेलं नाही. घरची मंडळी माझं लिखाण वाचतात हे मला ठाऊक आहे. त्यांनी वाचावं म्हणूनच हे लिहितोय.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. तिथल्या प्रत्येक घराची गोष्ट साधारण एकच. पुरुष मुंबईला, बाई गावाला, आणि दोघांच्या मध्ये पोस्टमन. कोकणाला मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणायची पद्धतच पडून गेली. काका लालबागला दहा-बारा जणांबरोबर एका गाळ्यात राहायचे. पाळीनुसार झोपायचं, कारण सगळ्यांना एकदम आडवं व्हायला जागाच नव्हती. त्यांच्या कष्टांबद्दल एक अक्षर वाकडं बोलायचं नाहीये मला. पण ते गणपतीला आणि शिमग्याला यायचे. मग मधल्या दिवसांत गावात काय आपोआप चालत होतं?

कवळं तोडण्यापासून भाजावळ, लावणी, कापणी, वरकस जमिनीतली नाचणी, गुरं, डोक्यावरून पाणी, सासूसासऱ्यांची आजारपणं.. सगळं काकीनं केलं. नांगराला तेवढा गडी यायचा. आणि मनीऑर्डर कुणाच्या नावे? सासऱ्यांच्या! त्यांच्या सहीनं पैसे घरात यायचे आणि मीठमिरचीसाठी काकी त्यांच्यापुढे हात पसरायची. राबणारी ती, हिशेब विचारायचे तिलाच, आणि पैसा तिच्या हातात नाही.

बरं, मुंबईच्या टोकाला तरी बाई नव्हती का? होती की! गिरणगावात घरच्या बायकांविना राहणाऱ्या कामगारांना जेवू घालत होत्या खानावळवाल्या बाया. त्यांना संघटित करायला प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, सावकाराच्या दारात उभ्या राहणाऱ्या या बायांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. म्हणजे ज्या पगारातून मनीऑर्डर निघायची तो पगारही एका बाईच्या चुलीवरच उभा होता. पण आपण काय म्हणतो? पुरुषांनी मुंबईत राहून कुटुंबं पोसली.

आता कळीचा मुद्दा. 18 जानेवारी 1982. गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि मनीऑर्डरी थांबल्या. हजारो कामगारांनी गावची वाट धरली, आमचे काकाही त्यांत होते. ते गावी येऊन काय जेवले? काकीनं लावलेला, काकीनं कापलेला, काकीनं कणगीत राखलेला भात. काकांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. त्यानंतरची वर्षं ते घर कुणाच्या जिवावर चाललं हे आपल्या घरात प्रत्येकाला ठाऊक आहे. मग तेव्हा कुणी असं का नाही म्हटलं, की घर काकी चालवते आणि काकांचा हातभार आहे?

काही विद्वान मित्र म्हणतात, पुरुष बाहेर गेल्यामुळे कोकणातल्या बायका स्वतंत्र झाल्या, कारभारी झाल्या. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, सगळ्या महाराष्ट्रात 929. काय कौतुक या आकड्याचं! अहो, तिथे मुली जास्त जन्मतात म्हणून तो आकडा नाही. शून्य ते सहा वयाच्या पोरांत तिथेही मुलगेच जास्त होते. पुरुष पोटामागे बाहेर गेले, म्हणून तो आकडा आहे. बायकांवर जबाबदारी आली हे खरं. पण जबाबदारी येणं आणि अधिकार येणं यांत सातबाऱ्याएवढं अंतर आहे. नव्वदच्या दशकात शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, जमीन बायकोच्या नावे करा म्हणून. आमच्या घरात कुणी मनावर घेतली?

आणि हे फक्त जुन्या काळचं, गावाकडचं आहे असं समजू नका. मी मोहन्यात वाढलो. आमच्या वडिलांनी आईला इथे आणलं, म्हणून ती काकीच्या वाटेनं गेली नाही, एवढाच फरक. 2009 मध्ये इथली एनआरसी बंद पडली. किती घरांतल्या बायका आंबिवलीहून लोकल पकडून कल्याण-डोंबिवलीला कामाला जायला लागल्या! कुणी पोळ्या लाटायला, कुणी म्हाताऱ्यांना सांभाळायला. त्यांच्या पैशावर पोरांच्या फिया गेल्या, भाडी भरली गेली. त्या घरांतल्या पुरुषांना विचारा, वहिनी काय करतात? "काही नाही, घराला थोडा हातभार लावते." घरात येणारा जवळजवळ सगळा पैसा तिचा असला तरी तो हातभारच! पुरुषानं आणला की कमाई, बाईनं आणला की हातभार. हा शब्द गोड आहे म्हणूनच घातक आहे. तो कौतुक करता करता हक्क काढून घेतो.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातली मोठी बाई कुटुंबप्रमुख ठरते. म्हणजे तांदूळ आणायला ती प्रमुख, आणि तांदूळ पिकवणाऱ्या जमिनीचा विषय निघाला की तिनं सही करून मोकळं व्हायचं? 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्यामागे त्याच्या वाट्याची पूर्ण मालकी विधवेला दिली आहे. ती कुणाची मेहेरबानी नाही. "ती जमिनीचं काय करणार" हा प्रश्नच आपण विचारायचा नाही. विकेल, दान करेल, पडीक ठेवेल. आपण मुंबई-ठाण्यात बसून आपल्या वाट्याचं काय करणार, हे काकीनं कधी विचारलं का?

काकीनं हक्क सोडला तर माझाही वाटा वाढतो, म्हणून हे मी बोललेलं बरं. मला तो वाढीव वाटा नको. वाटणीपत्रावर माझीही सही लागणार आहे. काकीचं नाव ज्यावर असेल त्याच कागदावर ती होईल.

गणपतीत सगळे भेटतोच आहोत. ज्यांना भांडायचंय त्यांनी जरूर भांडावं. फक्त काकीच्या समोर बसून, तिच्या हातचं जेवून झाल्यावर.