हिरवळीचा जमाखर्च

आमच्या गल्लीत नळाला पाणी येते ते चार-पाच दिवसांनी. वेळ ठरलेली नसते. कुणाच्या तरी तोटीत हवा फुसफुसली की पहिली हाक उठते. शेजारच्या अक्का "नीरु बंतु!" म्हणून ओरडतात, माझी आई "पाणी आलं गं!" म्हणते आणि पुढच्या दीड तासात घागरी, बादल्या, पिंपे, शेवटी पातेलीसुद्धा भरून होतात. भाषेवरून बेळगावात पुष्कळ वाद झाले. पण या दोन हाकांचा अर्थ सांगायला आमच्या गल्लीत दुभाषा लागत नाही.

कॉलेज सुटल्यावर मी टिळकवाडीतल्या एका बंगल्यात नववीच्या मुलाला गणित शिकवायला जातो. त्याचे आजोबा निवृत्त अधिकारी आहेत. मी त्यांना काका म्हणतो. बंगल्यापुढे सुमारे हजार चौरस फुटांची सुंदर हिरवळ आहे. उन्हाळ्यात रोज चारच्या सुमारास काका हातात पाइप घेऊन उभे राहतात आणि तास-सव्वातास पाणी मारतात. मायेने मारतात. हिरवळ ओली, फरशी ओली, फाटकाबाहेरचा रस्ताही ओला.

एक दिवस शिकवणीत क्षेत्रफळ आणि घनफळ चालले होते. उदाहरण बाहेरच उभे होते. आम्ही पंधरा लिटरची बादली पाइपखाली धरली. ती पंचेचाळीस सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला २० लिटर, सव्वा तासाला १,५०० लिटर, आठवड्याला १०,५०० लिटर.

आता गवताची गरज पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी उभे केले की ते बरोबर एक लिटर होते. हजार चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. कडक उन्हाळ्यात हिरवळीला आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर, म्हणजे इंचभर पाणी पुरते. ते झाले सुमारे २,३२५ लिटर. खर्च १०,५०० आणि गरज २,३२५! उरलेले आठ हजार लिटर उडून गेले, मुळांखाली झिरपले, नाहीतर गटारात गेले. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावे असे सरकारी मानक आहे. त्या मापाने हे आठ हजार लिटर आमच्या चार माणसांच्या घराला पंधरा दिवस पुरले असते.

हा हिशेब मी भीतभीतच काकांपुढे ठेवला. त्यांनी दोन उत्तरे दिली. पहिले, "पाणी माझ्या बोअरचं आहे, नळाचं नाही." दुसरे, "विजेचं बिल मी भरतो."

दोन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत, आणि आपल्यापैकी बहुतेकांची उत्तरे तीच असतील. पण मला ती पटली नाहीत. बोअर आपल्या कुंपणात असली तरी तिच्यात येणारे पाणी कुंपण पाहून येत नाही. जमिनीखालचे पाणी शेजारच्या विहिरीचेही असते, पलीकडच्या गल्लीतल्या हातपंपाचेही असते. एकाने खोल उपसले की दुसऱ्याची विहीर आटते, आणि ज्याची आटते त्याच्याकडे आणखी खोल खणायला पैसे नसतात.

बिलाबद्दल मात्र वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला थोडे बोलायचे आहे. ॲडम स्मिथने १७७६ साली एक कोडे मांडले: पाण्याइतकी उपयोगी वस्तू नाही, तरी ते स्वस्त; हिऱ्याचा उपयोग काहीच नाही, तरी तो महाग. पुढच्या अर्थशास्त्रज्ञांनी ते सीमांत उपयोगितेने सोडवले. पहिल्या घागरीचे मोल जिवाइतके, विसाव्या घागरीचे थोडे, शंभराव्याचे जवळजवळ शून्य. परीक्षेत हे उत्तर आपण सगळेच लिहितो. पण पहिली घागर एका गल्लीत आणि शंभरावी दुसऱ्या गल्लीत असेल तर काय, हे प्रश्नपत्रिकेत विचारत नाहीत. बिल पाणी उपसण्याचा खर्च सांगते. ते पाणी कुणाला कमी पडले हे सांगत नाही.

याचा अर्थ हिरवळ हे पाप आहे असे मी म्हणत नाही. तिने अंगण थंड राहते, धूळ बसते, मुले पडली तरी गुडघे फुटत नाहीत. आयुष्यभर नोकरी करून माणसाने चार हात हिरवे जपले तर त्यात वावगे काय? माझे म्हणणे एवढेच, की ज्याला हिरवळ ठेवायची त्याने तिचा जमाखर्चही ठेवावा. तो अवघड नाही.

पहिली गोष्ट माप. फवारा लावत असाल तर हिरवळीवर सरळ कडांचे पाच-सहा रिकामे डबे ठेवा, श्रीखंडाचे चालतील. पंधरा मिनिटांनी प्रत्येकात किती पाणी साचले ते पट्टीने मोजा. सरासरी सहा मिलिमीटर भरली तर आठवड्याला एक तास पुरे. एका डब्यात दहा आणि दुसऱ्यात दोन भरले तर दोष गवताचा नाही, फवाऱ्याच्या जागेचा आहे.

दुसरी गोष्ट वेळ. दुपारच्या उन्हावाऱ्यात पाणी मारले की बरेचसे वाटेतच जाते. रात्री मारले तर पाती ओली राहून बुरशी धरते. पहाट सर्वांत बरी.

तिसरी गोष्ट खंड. रोज थोडे थोडे पाणी दिले की मुळे आळशी होतात, वरच राहतात. आठवड्यातून दोनदा, पण मुरेपर्यंत द्यावे. मुळे खाली जातात आणि गवत चार दिवस ऊन सोसते. आमच्याकडच्या जांभ्या मातीत पाणी लवकर उतरते. काळ्या मातीत ते वर साचून वाहू लागते, तिथे थोडे देऊन, थांबून, पुन्हा द्यावे. गवताला तहान लागली की नाही हे तेच सांगते. त्यावरून चालून जा. पाती उभी राहिली तर थांबा. पावलांचे ठसे तसेच राहिले तर पाणी द्या.

चौथी गोष्ट कापणी. गवत बोडके करू नये. दोन-तीन इंच उंच ठेवले की मातीवर सावली राहते. आणि गवताची निवड करायची झाली तर आपली हरळी काय वाईट? गणपतीला वाहतो तीच. उन्हाळ्यात ती पिवळी पडते, पण मरत नाही; वळवाचा पाऊस झाला की पुन्हा फुटते. दोन महिने अंगण पिवळे दिसले तर बंगल्याची अब्रू जात नाही.

पाचवी गोष्ट जमेची. बेळगावात वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या छपरावरून, गळती-सांडणी वजा जाता, पंचाहत्तर हजार लिटर पाणी सहज मिळते. ते गाळून विहिरीत किंवा बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडता येते. वरच्या हिशेबाने ते हिरवळीचे बत्तीस आठवड्यांचे पाणी होते. जमिनीत सोडलेले सगळे पाणी आपल्यासाठी तिथे थांबून राहील असे नाही. पण घेणाऱ्याने काही परत ठेवले, एवढे तरी होईल.

येथवर लिहून मी स्वतःवर खूश झालो होतो. तेवढ्यात आमच्याकडे पाणी आले आणि आईने नेहमीप्रमाणे पिंपात उरलेले "शिळे" पाणी गटारात ओतले. सगळी गल्ली ओतते. पाणी चार दिवसांत शिळे होते ही आमची समजूत, आणि त्याच पाण्यासाठी आम्ही चार दिवस डोळे लावून बसतो! दुसऱ्याच्या खात्यातल्या चुका आधी सापडतात, हे खरे. आता ते पाणी धुण्याला आणि तुळशीला जाते. आईला पटवायला काकांना पटवण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

या शहराला पाण्याचे शहाणपण नवे नाही. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्यासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. पुढे राकसकोपचे पाणी आले, हिडकलहून पाणी पंपाने वर चढवून आणले, आणि घरोघरच्या विहिरींत आपण कचरा टाकू लागलो. १९९५ च्या टंचाईत त्याच विहिरी पुन्हा आठवल्या. गाळ काढून त्या वापरात आणाव्या लागल्या. टंचाई आली की आठवते आणि पाऊस पडला की विसरते, असे शहाणपण काय कामाचे?

काकांचे सांगायचे राहिले. त्यांनी माझे म्हणणे मान्य केले नाही. पण पुढच्या सोमवारी गेलो तेव्हा हिरवळीवर श्रीखंडाचे सहा डबे मांडलेले होते आणि नातू पट्टी घेऊन ओणवा झाला होता. काका म्हणाले, "तुझ्या हिशेबात चूक सापडते का बघतोय." आता ते आठवड्यातून दोनदा, सकाळी सहाला पाणी देतात. मे महिन्यात हिरवळ थोडी फिकी झाली, मेली नाही. फाटकाबाहेरचा रस्ता मात्र कोरडा असतो.

मित्रहो, आपल्यापैकी ज्यांच्या घरी बाग आहे त्यांनी एकदा बादली आणि घड्याळ घेऊन बाहेर पडावे. ज्यांच्या घरी नाही त्यांनी आपले पिंप पाहावे. हिशेब दोन्हीकडे चुकलेला आहे.

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)