वाचलेले विमान आणि न वाचलेला धडा

7 ऑगस्ट 2015 रोजी ढाक्याहून मस्कतला निघालेले बांगलादेशच्या युनायटेड एअरवेजचे एमडी-83 जातीचे विमान, एक इंजिन निकामी झाल्यामुळे, रायपूरच्या स्वामी विवेकानंद विमानतळावर उतरले. आतील 173 प्रवासी सुखरूप होते. त्यांना दुसऱ्या विमानाने पुढे नेण्यात आले; बिघडलेले विमान मात्र तिथेच राहिले. 2016 मध्ये कंपनीची उड्डाणे बंद पडली आणि विमानाला वाली उरला नाही. विमान उभे करण्याच्या मोजक्या जागांपैकी एक जागा ते तीन वर्षे अडवून होते. 2018 मध्ये ते धावपट्टीपासून दूर हलवण्यात आले.

या विमानाविषयी देशाने दोनच गोष्टी बोलून दाखवल्या. पहिल्या दिवशी ‘चमत्कार’, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे ‘भाडे’. ताशी सुमारे 320 रुपये या दराने 2021 पर्यंत थकबाकी दीड कोटींच्या पुढे गेली, हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्या बहुतेकांना सांगता येईल. इंजिन का बंद पडले, हा प्रश्न त्या हिशेबात कुठेच आला नाही. विज्ञानाची बातमी भाडेकरूच्या तंट्यासारखी छापली जावी आणि त्याचे कोणालाही नवल वाटू नये, हाच आक्षेपाचा मुद्दा आहे.

प्रथम चमत्काराविषयी. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन गेले की रेटा निम्मा होतो. वर चढण्याची क्षमता मात्र निम्म्याहून कितीतरी अधिक घटते. कारण चढण अवलंबून असते ती एकूण रेट्यावर नव्हे, तर हवेच्या अवरोधावर मात करून उरणाऱ्या रेट्यावर. हे ओळखूनच नियम घातलेले आहेत. उड्डाणावेळी, थांबणे अशक्य झाल्यावर एक इंजिन गेले, तरी चाके आत घेतल्यानंतर विमानाने दर हजार मीटरला किमान 24 मीटर उंची मिळवलीच पाहिजे. अन्यथा त्याला प्रमाणपत्रच मिळत नाही. उंचावर इंजिन गेले, तर वैमानिक विमान खालच्या दाट हवेत आणतो; तिथे उरलेले इंजिन अधिक रेटा देते. एमडी-83 ची इंजिने शेपटीजवळ, धडाला लगटून असतात. त्यामुळे एक बंद पडले तरी विमान बाजूला फारसे ओढले जात नाही. वैमानिक हा प्रसंग सिम्युलेटरवर पुन्हा पुन्हा गिरवतात. याला चमत्कार म्हणणे हा अभियंत्यांच्या, वैमानिकांच्या आणि नियंत्रण कक्षातल्या माणसांच्या श्रमांचा अवमान आहे. शिवाय चमत्काराचे कारण कोणी विचारत नाही. म्हणून तो शब्द सोयीचा ठरतो.

कारण न विचारण्याची किंमत काय असते, हे 1 डिसेंबर 1974 रोजी अमेरिकेत कळले. वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येणारे टीडब्ल्यूएचे 514 क्रमांकाचे विमान व्हर्जिनियातील डोंगरावर आदळले आणि आतील सर्वच्या सर्व, 92 जण, मरण पावले. नियंत्रकाच्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला होता, नियंत्रकांनी दुसरा. तपासात उघड झाले की सुमारे सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचे विमान याच गैरसमजातून त्याच डोंगराला धडकता धडकता वाचले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत तो इशारा पोचला नाही. धडा उपलब्ध होता, तो फक्त एका घराच्या उंबरठ्याआत राहिला. या दुर्घटनेनंतर 1976 मध्ये नासाच्या देखरेखीखाली अशी व्यवस्था सुरू झाली, की वैमानिक किंवा नियंत्रक आपले नाव उघड होऊ न देता चुकांची व थोडक्यात टळलेल्या संकटांची माहिती देऊ शकेल.

रायपूरला उतरलेल्या विमानाच्या कुळाचा इतिहासही हेच सांगतो. 27 डिसेंबर 1991 रोजी स्टॉकहोमहून उडालेल्या एमडी-81 च्या पंखांवरचा पारदर्शक बर्फ सुटून शेपटीजवळच्या इंजिनांत गेला. दोन्ही इंजिने बंद पडली, विमान शेतात उतरून तुटले, तरी सर्व 129 जण जगले. सगळे वाचले म्हणून तपास सैल झाला नाही. रेटा आपोआप वाढवणारी एक यंत्रणा विमानात असल्याचे वैमानिकांना ठाऊकच नव्हते, हे त्यातून बाहेर आले. जुलै 1996 मध्ये पेन्साकोला येथे एमडी-88 चे इंजिन धावपट्टीवरच फुटून दोन प्रवासी दगावले. पंख्याच्या मध्यभागातील छिद्र पाडताना धातूत झालेला दोष आणि त्यातून वाढलेला, तपासणीत न दिसलेला तडा, इथपर्यंत शोध गेला. एमडी-83 ला इंजिने त्याच मालिकेची असतात. रायपूरच्या विमानातही तसेच झाले, असा याचा अर्थ नव्हे. पण हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत यायला हवा होता.

यावर म्हटले जाईल की विमान परक्या कंपनीचे होते, त्याला हात कसा लावायचा? हात लावा असे कोणी म्हणत नाही. मालमत्ता कंपनीची असते, ज्ञान सर्वांचे असते. आणि घटना जिथे घडली त्या देशाने तपास करावा, असाच आंतरराष्ट्रीय संकेत आहे. दुसरा आक्षेप असा की अशा गोष्टी उघड बोलल्या तर प्रवासी घाबरतील. त्याचे उत्तर 2025 ने दिले आहे. 12 जूनला अहमदाबादेत 260 जणांचा बळी गेल्यावर जुलैमध्ये आलेला पंधरा पानी प्राथमिक अहवाल या देशातील सामान्य वाचकांनी ओळ न ओळ वाचला. वाचण्याची कुवत आहे. सवय मात्र प्रेते पाहिल्याखेरीज जागी होत नाही. रायपूरच्याच विमानतळावर 12 मे 2022 च्या रात्री राज्य सरकारचे हेलिकॉप्टर कोसळून दोन वैमानिक मृत्युमुखी पडले, तेव्हाही प्रश्न विचारले गेले. 2015 मध्ये कोणी मेले नव्हते, म्हणून उरले ते फक्त भाडे.

विमान अपघात तपास विभागाच्या संकेतस्थळावर अपघातांबरोबर गंभीर घटनांचेही अहवाल असतात. ते इंग्रजीत असतात, आणि अभियांत्रिकीच्या वर्गात ते क्वचितच उघडले जातात. प्रत्येक अहवालाचा दोन पानी सारांश मराठीत, हिंदीत, छत्तीसगढीत निघावा. धातूचा थकवा शिकवणाऱ्या प्राध्यापकाने एक अहवाल पटलावर ठेवावा. विज्ञानवार्ताहराने ‘सर्व प्रवासी सुखरूप’ या ओळीवर बातमी संपवू नये, कारण खरी बातमी तिथून सुरू होते. यातल्या कशालाही ताशी 320 रुपये लागत नाहीत. सुखरूप उतरलेल्या विमानातून मिळणारा धडा फुकट असतो. तोच धडा दुसऱ्यांदा शिकण्याची पाळी आली, तर तो तितक्या स्वस्तात मिळेलच असे नाही.