अधिछात्रवृत्ती आणि अडलेले प्रबंध

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लंडनमधील अध्ययन अर्ध्यावर सोडून मायदेशी परतावे लागले. बुद्धी कमी पडली नव्हती, शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाड महाराजांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या बळावर ते कोलंबिया विद्यापीठात गेले, हे ऋण मोठेच आहे. परंतु पुढे सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसा साठवला, राजर्षी शाहू महाराजांनी साहाय्य केले, मित्राकडून उसने घेतले, तेव्हा १९२० मध्ये त्यांना पुन्हा लंडन गाठता आले. एका महामानवाच्या विद्याभ्यासाची तीन वर्षे अशी पैशावाचून खोळंबली.

इतिहास शिकवताना हा प्रसंग मी दरवर्षी सांगतो. आज अनुसूचित जातींसाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, बार्टीचीही आहे. तरीही आमच्या संशोधक मुलामुलींना त्यासाठी आझाद मैदानावर आंदोलनाला बसावे लागले. मंजुरीचे पत्र हाती असते, रक्कम केव्हा येईल याचा नेम नसतो. आपल्याच वसतिगृहात वाढलेला एक विद्यार्थी मध्यंतरी भेटला. आठ महिने हप्ता न आल्याने त्याने प्रबंध बाजूला ठेवून खासगी शिकवण्या धरल्या होत्या. सुस्थित घरातला संशोधक असा विलंब सोसू शकतो. आमच्या पहिल्या पिढीच्या संशोधकाकडे मात्र घरचेच आशेने पाहत असतात. त्याच्यासाठी विलंब म्हणजे नकारच होय.

"तिशी उलटली तरी शिकतोच आहे, नोकरी कधी करणार?" असे आपल्यातलेही काही जण विचारतात. त्यांना माझे नम्र सांगणे असे की, एक प्राध्यापक केवळ स्वतःचे घर उभे करीत नाही. कोणता विषय संशोधनास योग्य, कोणाला मार्गदर्शन द्यायचे, हे विद्यापीठात तोच ठरवतो. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, पुढे मुंबईत सिद्धार्थ आणि औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभारले, ते ज्ञानाच्या या सत्तेत आपला वाटा असावा म्हणूनच.

म्हणून शासनाकडे आपल्या दोन मागण्या असाव्यात. अधिछात्रवृत्ती वेतनाप्रमाणे दरमहा मिळावी आणि प्राध्यापकांची रिक्त पदे भरली जावीत. पीएच.डी. होऊनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबावे लागत असेल, तर अधिछात्रवृत्तीचा हेतूच विफल होतो.

तिसरी मागणी आपली आपल्याकडेच आहे. माजी विद्यार्थ्यांनी या विद्यालयात एक बिनव्याजी निधी उभारावा. हप्ता रखडलेल्या संशोधकाने त्यातून रक्कम घ्यावी, हप्ता आला की परत करावी आणि ती पुढच्याच्या कामी यावी. याने शासनाची जबाबदारी संपत नाही, तिच्यासाठीचा संघर्ष चालूच राहील. मात्र संघर्ष चालू असताना प्रबंध थांबता कामा नये.

माझे एक महिन्याचे वेतन मी या निधीस देत आहे. आपण विचार करावा.

जय भीम!