पिशवी घरात, आपण बाजारात

महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशवीला बंदी आहे, हे आता कुणाला सांगावे लागत नाही. भाजीवालीला ते ठाऊक आहे, किराणा दुकानदाराला ठाऊक आहे आणि आपल्याला तर पाठच आहे. तरीही संध्याकाळी कुठल्याही मंडईत उभे राहा. ‘मावशी, एक कॅरीबॅग द्या ना’ हे वाक्य कानावर पडायला वेळ लागत नाही. मावशी इकडेतिकडे बघते, गोणपाटाखाली हात घालते आणि पातळ, सळसळती पिशवी काढून देते. तिने कायदा मोडला, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण ती पिशवी मागितली कोणी?

बंदी काही उगाच आलेली नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. एवढ्या पावसापुढे कुठल्याही शहराची गटारे तोकडीच पडली असती. पण पिशव्यांनी तुंबलेल्या नाल्यांनी पाण्याची उरलीसुरली वाटही अडवली. त्यानंतर राज्यात पिशव्यांवर निर्बंध आले. बांगलादेशात हेच आधी घडले होते. १९८८ आणि १९९८ च्या पुरांत तुंबलेल्या गटारांनी भर घातली आणि २००२ मध्ये पातळ पिशव्यांवर बंदी घालणारा तो जगातला पहिला देश ठरला.

मग आपल्याकडे २३ मार्च २०१८ ची अधिसूचना निघाली. जाडी कितीही असो, प्लास्टिकची कॅरीबॅग बंद. तीन महिन्यांची मुदत संपून २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपयांसह तीन महिन्यांची कैद. त्या दिवसांत माळ्यावरच्या कापडी पिशव्या खाली आल्या, जुन्या साड्यांच्या आणि चादरींच्या पिशव्या शिवल्या गेल्या, मासे आणायला डबे निघाले. आपल्याला जमत नाही असे नाही, हे त्या आठवड्यांत आपणच सिद्ध केले. मग नव्याचे नऊ दिवस सरले. पथके विरळ झाली आणि डबे पुन्हा फळीवर गेले.

केंद्रानेही हाच रस्ता धरला. ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉनपेक्षा आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग देशभर बंद झाली. त्यामागे हिशेब असा की पिशवी जाड झाली की महाग होईल, फुकट वाटली जाणार नाही आणि घेणारा ती पुन्हा वापरेल. त्यातला शेवटचा भाग मात्र आपल्यावर सोपवलेला आहे. पिशवी जाड करणे सरकारच्या हाती आहे. ती दुसऱ्यांदा बाजारात नेणे आपल्याच हाती आहे.

तो भाग ग्राहकाने पार पाडला नाही तर काय होते, ते कॅलिफोर्नियात दिसले. तिथे २०१४ मध्ये सुपरमार्केटमधल्या पातळ पिशव्यांवर बंदीचा कायदा झाला. पिशवी उद्योगाने तो जनमताला लावला आणि २०१६ मध्ये मतदारांनी कायद्याच्या बाजूने कौल दिला. जाड, ‘पुन्हा वापरण्याजोग्या’ पिशव्यांना मात्र किमान १० सेंट आकारून विकण्याची मुभा राहिली. लोकांनी १० सेंट दिले, पिशवी घरी नेली आणि पातळ पिशवीसारखीच टाकून दिली. २०१४ साली त्या राज्यात सुमारे १ लाख ५७ हजार टन प्लास्टिक पिशव्या कचऱ्यात गेल्या होत्या. २०२२ मध्ये तो आकडा २ लाख ३१ हजार टनांवर गेला. जाड पिशवीत प्लास्टिकच अधिक असते. ती एकदाच वापरून फेकली, तर बंदीनंतर कचऱ्याचे वजन वाढते. अखेर २०२४ मध्ये त्या राज्याला दुसरा कायदा करून ही पळवाट बुजवावी लागली.

आता आपल्याकडे बघा. आपल्याही मॉलमध्ये बिल करताना ‘बॅग हवी का?’ असे विचारतात आणि दोन हजारांच्या बिलात आणखी दहा रुपये कुणाला टोचत नाहीत. मिळते ती पिशवी बहुधा कापडासारखी दिसणारी असते, लाल किंवा हिरवी, छापील नावाची. ती हातात घेऊन नीट बघा. त्यात ताणा नाही, बाणा नाही, कारण ती विणलेलीच नसते. ती पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. कापडी पिशवी घेतल्याचे समाधान मिळते आणि प्लास्टिक घरात येते.

बरे, खरी सुती पिशवी घेतली म्हणून आपण सुटलो का? ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये पिशव्यांचा हिशेब मांडला. कापूस पिकवायला पाणी, खत, वीज लागते; कापड विणायला पुन्हा वीज लागते. एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या मानाने हवामानावरचा भार फिटायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. न विणलेल्या पॉलिप्रोपिलीनच्या पिशवीला ११ फेऱ्या लागतात, कागदी पिशवीला ३. हा हिशेब तापमानवाढीचा आहे. तुंबलेले नाले आणि उकिरड्यावर चरणाऱ्या गाईंच्या पोटातून डॉक्टरांना काढावे लागणारे प्लास्टिकचे गोळे त्यात धरलेले नाहीत, त्यामुळे पातळ पिशवीला त्यातून निर्दोषत्वाचा दाखला मिळत नाही. पण आठवड्याच्या बाजाराला एकदा नेली, तर १३१ फेऱ्या पुऱ्या व्हायला अडीच वर्षे लागतात, एवढे ध्यानात ठेवा. आणि आपण काय करतो? लग्नात मिळालेली एक, साडीच्या दुकानातली एक, प्रदर्शनातली एक, संमेलनातली एक अशा पिशव्या स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला टांगून ठेवतो. खिळा वाकला तरी एकही पिशवी बाजार बघत नाही. पुण्य पिशवी बाळगण्यात नाही, ती झिजवण्यात आहे.

म्हणून नव्या पिशव्या वाटण्याचे कार्यक्रम आता पुरे झाले. वाढदिवसाला, वॉर्डातल्या मेळाव्याला, गणेशोत्सवात नेत्याच्या फोटोची पिशवी वाटली जाते, छायाचित्र निघते आणि पिशवी त्याच खिळ्याला लागते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरात पिशव्यांची टंचाई नाही. टंचाई आहे ती बाहेर पडताना पिशवी सोबत असण्याची.

यातली मेख ओळखा. जो ठरवून बाजाराला जातो, तो पिशवी नेतो. आजी कधी रिकाम्या हाताने मंडईत गेली नाही. पिशवी मागतो तो कामावरून परतताना वाटेत थांबणारा, मोटारसायकल बंद न करताच अर्धा किलो टोमॅटो मागणारा माणूस. तो बहुतेक वेळा पुरुष असतो, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. पिशवीची आठवण ठेवणे हे घरातल्या बाईचे काम, अशी आपण सोयीस्कर वाटणी करून टाकली आहे. ‘पिशवी दिली असतीस तर आणली असती’ हे वाक्य यापुढे कुणी उच्चारू नये. आपल्या खिशात रुमाल राहतो, मोबाइल राहतो, गाडीची किल्ली राहते. घडी घातलेली एक पिशवीही राहील.

जिथे पैशाने शिस्त लागते, तिथे पैसे टोचतील एवढे घेतले पाहिजेत. आयर्लंडने ४ मार्च २००२ पासून प्रत्येक पिशवीवर १५ सेंटचा कर लावला. तो ग्राहकाच्याच बिलात दिसला पाहिजे, दुकानदाराने परस्पर सोसायचा नाही, असा नियम केला. वर्षाला माणशी ३२८ पिशव्या लागत होत्या, त्या २१ वर आल्या. वापर पुन्हा वर सरकू लागताच २००७ मध्ये कर २२ सेंट केला. टिकाऊ पिशवीला करातून सूट दिली, पण ती किमान ७० सेंटला विकली तरच. १० सेंटची जाड पिशवी कचऱ्यात गेली आणि ७० सेंटची परत दुकानात आली, यातून आपल्या सरकारने आणि मॉलवाल्यांनी बोध घ्यावा. दहा रुपयांना पिशवी विकून पर्यावरणाचे नाव सांगणे म्हणजे धंदाच. पिशवी परत आणणाऱ्याला बिलात सूट द्या, आणलेली पिशवी दारावर अडवून टॅग लावायचा जाच कमी करा आणि सुट्या भाजीच्या काट्याशेजारी लटकणारे पातळ पिशव्यांचे भेंडोळे हटवा. एका कापडी पिशवीत मिरची, कोथिंबीर, लिंबे, काकडी यांच्या चार पातळ पिशव्या कोंबून नेणारा ग्राहक आपण तयार केला आहे.

आणि त्या मावशीचा विचार करा. ती पिशव्या स्वतःच्या पैशाने विकत घेते. नाही म्हटले, तर गिऱ्हाईक शेजारच्या पाटीवर जाते. धाड पडली, तर ५,००० रुपये तिचे जातात, म्हणजे कित्येक दिवसांची कमाई. सवय आपली आणि दंड तिला, हा कुठला न्याय? बाजारातले सगळ्यात दुबळे माणूस पुढे करून आपण कायद्यामागे लपतो आहोत. तिला बंदी पाळायला लावण्याचा एकच सभ्य मार्ग आहे : आपण पिशवी मागायची नाही.

हे होणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपलाच इतिहास आठवावा. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत. ते झाडू लागले की गाव लाजून झाडायला येई. त्यांच्याच नावाने २००० साली ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. दंडाची भीती न घालता गावागावांत चढाओढ लागली आणि हजारो गावांनी आपले रस्ते, गटारे स्वतः साफ केली. जे खेड्यांनी श्रमदानाने करून दाखवले, त्याहून फार हलके काम आज शहरापुढे आहे. पिशवीला श्रमही लागत नाहीत.

तेव्हा उठा आणि आजच एवढे करा. खिळ्यावरच्या पिशव्या उतरवा. एक ऑफिसच्या बॅगेत ठेवा, एक गाडीच्या डिकीत, एक स्कूटरच्या हुकाला, एक मुलाच्या दप्तरात. मासे-मटण आणायला जाताना झाकणाचा डबा न्या. उरलेल्या पिशव्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीला नेऊन द्या; विसरलेल्या गिऱ्हाइकाला ती देईल आणि तो उद्या परत आणेल. सोसायटीच्या बैठकीत, महिला मंडळात, शाळेच्या पालकसभेत हा विषय काढा आणि पुढच्या बैठकीत कोणाची पिशवी किती झिजली ते विचारा. नवी पिशवी कुणी फुकट देऊ केली, तर हात जोडून नाही म्हणा.

सरकारने बंदी घातली, ती राबवायची जबाबदारीही त्याचीच आहे आणि त्याचा जाब आपण विचारलाच पाहिजे. पण जाब विचारायला जाताना आपल्या हातात कॅरीबॅग असता कामा नये.