ड्रायव्हरला पंगतीत घ्या!

कम्प्युटरवाल्याला गावी सुट्टी मिळत नाही, मंडळी. २०१२ च्या मे महिन्यात मी बिलोलीला मामाकडे आंबे खायला गेलो, तर मामानं आंब्यांआधी शाळेची किल्ली हातात ठेवली. बारा नवेकोरे कम्प्युटर, एकालाही डीव्हीडी ड्राइव्ह नाही. विकणारा सांगून गेलेला, ‘नेटवर्क कार्डं खराब आहेत, बदलावी लागतील. पैसे वेगळे.’

‘भाच्या, आता पैसे आणू कुठून?’ मामाचा चेहरा पाहवेना.

म्हटलं, बघू तर खरं! लॅपटॉपला सर्व्हर केलं, बाराही मशीन स्विचला जोडली आणि एकावर एफ-१२ दाबलं. सर्व्हरवरून बूट.विम ही शंभर एमबीच्या वरची फाइल झरझर उतरली, विंडोजचा सेटअप सुरू झाला आणि लगेच मेसेज: नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर सापडला नाही.

अरे, मग आत्ता फाइल आणली कुणी? त्याच कार्डानं!

गोम अशी, की सुरुवातीला कार्ड स्वतःच्या चिपमधल्या छोट्या प्रोग्रॅमवर चालतं. त्यालाच पीएक्सई म्हणतात. सेटअपनं ताबा घेतला की तो फक्त बूट.विममधले ड्रायव्हर ओळखतो. वऱ्हाड मांडवात आणून सोडणाऱ्या ड्रायव्हरलाच दारात विचारायचं, ‘आपण कोण?’

म्हणजे कार्डं ठणठणीत होती, फक्त ओळख करून द्यायची होती. डोंगलवर रखडत ड्रायव्हर उतरवला. नुसती ईएक्सई चालत नाही, ती उलगडून आतली आयएनएफ फाइल आणि तिच्यासोबतच्या फाइली लागतात. ३२ बिटच्या बूट.विमला ड्रायव्हरही ३२ बिटचाच. मग डिझम कमांडनं बूट.विममधली दुसरी, म्हणजे सेटअपची इमेज उघडली, ड्रायव्हर घातला, बंद केली. पुन्हा तोच मेसेज! बंद करताना ‘कमिट’ म्हणायला विसरलो होतो, केलेलं सगळं पाण्यात. दुसऱ्यांदा कमिट केलं आणि नवी बूट.विम सर्व्हरवर चढवली. तोच ड्रायव्हर इन्स्टॉल.विममध्येही घातला, नाहीतर विंडोज बसल्यावर पुन्हा तेच रडगाणं.

संध्याकाळपर्यंत बाराही मशीन सुरू. कार्ड एकही बदललं नाही. मामानं आंब्यांची अख्खी पेटी पुढ्यात ठेवली.

विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, पण हा नियम कायम आहे. तुमच्या ऑफिसातही नवा माणूस गप्प दिसला, तर त्याला ‘खराब’ ठरवण्याआधी एक बघा: त्याची आत कुणी ओळख करून दिलीय का?