डासाच्या शरीरातील विषाणूंची नोंदवही

पावसाळा सुरू झाला, की चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतील आरोग्ययंत्रणेचे सारे लक्ष हिवतापाकडे लागते. ते स्वाभाविकही आहे. राज्यातील हिवतापाच्या रुग्णांचा मोठा वाटा अनेक वर्षे एकट्या गडचिरोलीकडे राहिला आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांतील दुर्गम गावांतही आता आशा कार्यकर्ती बोटातून रक्ताचा थेंब घेऊन काही मिनिटांत हिवतापाचे निदान करू शकते. प्रश्न उरतो तो या चाचणीत हिवताप न आढळलेल्या तापाचा. डेंग्यू, चिकुनगुनिया, जपानी मेंदूज्वर आणि चांदीपुरा हे विषाणूजन्य आजार तेवढ्या सहजतेने ओळखता येत नाहीत. रक्ताचा नमुना दूरच्या प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल हाती येईपर्यंत रुग्ण बरा झालेला असतो किंवा दगावलेला असतो. या पार्श्वभूमीवर डासांच्या शरीरातील लघु आरएनएवर गेल्या दोन दशकांत झालेले संशोधन पूर्व विदर्भाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरते.

निदानातील या विलंबाची किंमत विदर्भाने मोजलेली आहे. नागपूरजवळील चांदीपुरा गावातील तापाच्या रुग्णांमध्ये १९६५ मध्ये एक नवा विषाणू सापडला आणि पुण्याच्या शास्त्रज्ञांनी त्याला त्या गावाचेच नाव दिले. जवळजवळ चार दशके तो निरुपद्रवी मानला गेला. मात्र २००३ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात मेंदूज्वराची साथ आली. तीत ३२९ मुले आजारी पडली व त्यांपैकी १८३ दगावली, आणि त्यामागे हाच विषाणू असल्याचे राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत दिसून आले. त्यानंतर विदर्भातही या विषाणूने मुलांचे बळी घेतले आणि २०२४ मध्ये गुजरातमध्ये त्याने पुन्हा डोके वर काढले. या आजारात लक्षणे दिसल्यापासून एक-दोन दिवसांतच मूल दगावू शकते. त्यावर लस नाही आणि नेमके औषधही नाही. कोणता विषाणू कोणत्या कीटकातून येतो आहे, हे साथीपूर्वी कळणे म्हणूनच निर्णायक ठरते.

डासाला माणसाप्रमाणे प्रतिपिंडे तयार करता येत नाहीत. विषाणूंशी लढण्याची त्याची रीत निराळी आहे. डेंग्यू वा चिकुनगुनियाच्या विषाणूची जनुकीय माहिती आरएनए या रेणूत असते. पेशीत शिरून विषाणू स्वतःच्या प्रती काढू लागला, की दुपदरी आरएनए तयार होतो. डासाच्या पेशीतील डायसर-२ हे प्रथिन तो ओळखते आणि त्याचे २१ अक्षरांचे तुकडे करते. आर्गोनॉट-२ हे दुसरे प्रथिन असा एक तुकडा नमुन्यादाखल जवळ बाळगते आणि त्याच्याशी जुळणारा विषाणूचा आरएनए सापडला, की त्याला कापून टाकते. याखेरीज २४ ते ३० अक्षरांचे, ‘पाय-आरएनए’ म्हणून ओळखले जाणारे तुकडेही डासात आढळतात. आरएनएच्या साह्याने जनुकांना गप्प करण्याची ही मूलभूत प्रक्रिया अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये एका सूक्ष्म कृमीत उलगडून दाखवली. त्याबद्दल त्यांना २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही संरक्षणयंत्रणा विषाणूला आटोक्यात ठेवते, पण बहुधा त्याचा समूळ नाश करीत नाही. डास आजारी पडत नाही आणि विषाणूही टिकून राहतो. अमेरिकी शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विषाणूला ही यंत्रणा निकामी करणाऱ्या प्रथिनाची जोड दिली, तेव्हा एडिस डास भराभर मेले. याचा अर्थ असा, की डास रोगवाहक ठरतो तो या तडजोडीमुळेच. तीच यंत्रणा बळकट करून डेंग्यूला दाद न देणारे डास घडवण्याचे प्रयत्नही झाले. २००६ मध्ये त्यात यश आल्याचे जाहीर झाले. तथापि, काही पिढ्यांनंतर त्या डासांची प्रतिकारक्षमता नष्ट झाल्याचे पुढे आढळले. असे डास जंगलात सोडण्याच्या कल्पनेवर विसंबून चालणार नाही, हा त्यातील धडा होय.

पूर्व विदर्भाला अधिक उपयोगी आहे ती या यंत्रणेची दुसरी बाजू. डासाने विषाणूचे केलेले तुकडे त्याच्या शरीरात राहतात. त्यांचे अनुक्रम वाचून ते संगणकावर जोडले, तर मूळ विषाणूची ओळख पटवता येते. कीटकांच्या लघु आरएनएवरून अज्ञात विषाणूही शोधता येतात, हे २०१० मध्ये सिद्ध झाले. या पद्धतीचा मोठा लाभ असा, की रक्ताबरोबर नुसता गिळलेला विषाणू आणि डासाच्या पेशींत खरोखर वाढलेला विषाणू यांत फरक करता येतो. कारण हे तुकडे मुख्यतः विषाणू वाढू लागल्यावरच तयार होतात.

हा फरक व्यवहारात महत्त्वाचा आहे. चांदीपुरा विषाणूचा प्रसार वालुमाशी करते असे मानले जाते. ही माशी मातीच्या भिंतींच्या फटींत आणि गोठ्यांत वाढते. प्रयोगशाळेत मात्र हा विषाणू एडिस डासातही वाढल्याचे दिसले आहे. जपानी मेंदूज्वराचा क्युलेक्स डास धानाच्या बांध्यांत आणि बोड्यांत वाढतो व डुकरे आणि पाणपक्ष्यांतून विषाणू उचलतो. डेंग्यूचा एडिस घरातील साठवणीच्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी त्याला पुरती रोखू शकत नाही. एका आजारासाठी लसीकरण, दुसऱ्यासाठी भिंतींवर फवारणी, तिसऱ्यासाठी पाण्याची भांडी रिकामी करणे, असे उपाय निरनिराळे आहेत. वाहक चुकीचा ओळखला, तर निधी आणि श्रम दोन्ही वाया जातात.

अर्थात या तंत्राला मर्यादा आहेत. डासात विषाणू सापडला म्हणजे गावात आजार आहे, असे होत नाही. केवळ कीटकांनाच ग्रासणारे अनेक विषाणूही या तपासणीत पुढे येतात. नमुने थंड ठेवावे लागतात, अनुक्रम वाचणारी यंत्रे महाग असतात आणि सर्वांत आधी डास पकडून त्यांची जात ओळखणारा प्रशिक्षित कीटकतज्ज्ञ लागतो. रुग्णाच्या रक्ततपासणीला हा पर्याय नव्हे; तिला तो पूरक आहे.

या दृष्टीने काही पाया घातला गेला आहे. चंद्रपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्रित विचार करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात झाली. पुण्यातील राष्ट्रीय विषाणू संस्थेचा अनुभव पाठीशी आहे. पावसाळ्यात ठरावीक गावांतून डास व वालुमाशा गोळा करायच्या, त्यांचे लघु आरएनए नागपूर वा पुण्यात वाचायचे आणि निष्कर्ष त्याच हंगामात जिल्हा हिवताप कार्यालयाकडे पोहोचवायचे, अशी साखळी उभारणे अशक्य नाही. तिचा कस शेवटच्या टप्प्यावर लागेल. निष्कर्ष शोधनिबंधात दोन वर्षांनी छापून आले, तर शास्त्राची भर पडेल. पण एटापल्लीच्या एखाद्या पाड्यावर तापाने फणफणलेल्या मुलाला त्याचा काहीच उपयोग होणार नाही.