चाचणी उसनी मिळणार नाही

गुलाबी बोंडअळीने २०१७ मध्ये विदर्भातला कापूस पोखरला, तेव्हा फवारणी, बियाणे आणि नुकसानभरपाई यांवर भरपूर बोलले गेले. अळीच्या अंगात नेमके काय बदलले, हा प्रश्न मात्र प्रयोगशाळेबाहेर फारसा आला नाही. आर्वीसारख्या कापूसपट्ट्याने तो आता स्वतःचा मानायला हवा. बीटी वाणात एक विषारी प्रथिन असते. ते अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटते आणि अळी मरते. कॅडहेरिनचे जनुक बिघडले की विष चिकटत नाही आणि अळी तगते. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये असे मोजकेच बिघाड सापडले होते, त्यामुळे त्यांच्यासाठी डीएनए चाचणी बसवता आली. भारतीय अळ्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच जनुकाची नाना तऱ्हांची मोडतोड समोर आली. म्हणजे तिकडची चाचणी जशीच्या तशी इकडे चालणार नाही. आपल्या अळीच्या जनुकाची अक्षरे आपल्यालाच वाचावी लागतील.

ही अक्षरे ताडून पाहण्याची साधने मात्र फुकट आहेत. १९९० मध्ये आलेल्या ब्लास्ट या प्रणालीत एखादा जनुकक्रम टाकला, की जगभरातून जमा झालेल्या साठ्यातले त्याच्याशी मिळतेजुळते क्रम समोर येतात आणि फरक अक्षरागणिक दिसतो. त्यासाठी साधा संगणक आणि इंटरनेट पुरते. कामगंध सापळ्यात पडलेले पतंग जपून ठेवणे, गाव व तारीख नोंदवणे आणि हाती आलेले क्रम ताडणे ही कामे तालुक्याच्या विज्ञान महाविद्यालयातले विद्यार्थी शिकू शकतात. क्रम वाचण्याचे महागडे काम नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी व्हावे, आणि माहिती फरिदाबादला २०२२ मध्ये सुरू झालेल्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवावी. मग आपली माहिती परदेशी साठ्यांच्याच भरवशावर राहते, ही तक्रारही उरणार नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की पडद्यावरच्या अक्षरांनी अळी मरत नाही. खरेच आहे. फरदड न ठेवणे, हंगाम संपताच पऱ्हाटी उपटणे, बिगरबीटी ओळी लावणे हे उपाय शेतातच करावे लागतात. पण बीटीचा एक जनुक असलेले वाण २००२ मध्ये आले, दोन जनुकांचे २००६ मध्ये, आणि अळीने दोन्ही पचवले. दर वेळी नुकसान डोळ्यांदेखत झाल्यावर जाग आली. बिघडलेल्या जनुकांचे प्रमाण दरवर्षी मोजले, तर पेरणीआधीच्या बियाण्याच्या निर्णयाला आधार मिळेल. दुसरा आक्षेप इंग्रजीचा. साधन इंग्रजीत आहे, पण ते वापरायला लागणारी माहिती थोडी आहे आणि ती मराठीत सांगता येते. अडसर भाषेपेक्षा अभ्यासक्रमाचा अधिक आहे.

कृषी विभाग, विद्यापीठ आणि महाविद्यालये यांनी मिळून एका हंगामापुरती तरी आर्वी तालुक्यातून ही सुरुवात करावी. साधन फुकट मिळाले आहे. पतंग मात्र आपल्याच शेतातून गोळा करावे लागतील.